बुधवारचे पत्र

हेरिंग बेट, मेन
सोमवार, १३ फेब्रुवारी १९५६

चि. थेल्मा हिस अ. आ.

तुझ्या पायांची सूज उतरली का, ते आधी कळव.

इकडे माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळी रेडिओने बुधवारी दोन इंच बर्फ सांगितले, दुपारी आठ, आणि आता म्हणतो दोन ते वीस. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण दोन आणि वीस यांतला फरक मला कळतो. वादळ दक्षिणेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने चढते आहे. आत वळले तर आपण गाडले जाणार, समुद्रात सरकले तर नुसता वारा. बॅरोमीटरच्या काचेवर मी सारख्या टिचक्या मारतो. वेंडल म्हणतो, बाबा, तो काटा तुमच्या टिचक्यांनीच खाली येतोय.

पडलेले बर्फ फावड्याने काढता येते. पण पडत असताना समुद्रावर स्वतःचा हात दिसत नाही, आणि तुझ्या-माझ्या मधल्या नऊ मैलांत खडकांची ती दातेरी रांग आहे. पोरगा मात्र बुधवारी टपालाची बोट नेणारच म्हणतो. डिसेंबरात मी सगळ्यांना बोटी ओढून वर घ्यायला लावल्या आणि आला फक्त पाऊस. तेव्हापासून दुकानात मला बायबलातला, प्रलयाआधी तारू बांधणारा नोहा म्हणतात. जनावरांच्या जोड्या जमल्या का, असे विचारतात. आता माझे कोण ऐकणार?

तू त्याची आत्या आहेस. बुधवारी तो तुमच्या धक्क्याला लागला की परत सोडू नकोस. पोटात कळ आली म्हण, जिना कोसळला म्हण.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा भाऊ,
ऑरिन


कॉलर हार्बर
मंगळवार, १४ फेब्रुवारी

ती. ऑरिनदादास सा. न. वि. वि.

धक्क्यावरच्या खोक्यावर बसून घाईने लिहिते आहे. वेंडल इंजिन चालू ठेवून माझ्याकडे बघतो आहे. म्हणतो, आत्या, रोज रोज काय एवढं लिहिता गं तुम्ही दोघं? मी म्हटले, तुझ्याच चहाड्या. पाय बरे आहेत. सोबत काकवीची बिस्किटे दोन डझन पाठवते. कमी भरली तर चोर कोण ते तुला ठाऊक आहे.

दादा, इकडेही तेच, दोन ते वीस. एका दमात दोन आणि वीस सांगणाऱ्याला काहीच माहीत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. पण तुझा बेत उलटा आहे. त्याला माझ्याकडे अडकवायचे तर आधी त्याने ते नऊ मैल यायला हवेत ना?

टपालाचा नियम विसरलास काय? बेटावरच्या पिशवीत एक पत्र असले तरी बोट सोडावी लागते. पिशवी रिकामी असली तर त्याला घरी बसता येते. हिवाळ्यात तुमची चौदा घरे, आणि लिहितो कोण? एक तू, रोज. अधूनमधून ती हॅटी, तिच्या आरमारातल्या मुलाला. तेव्हा बुधवारी लिहू नकोस, आणि बाकीच्यांना हात जोड. न लिहिता राहणे तुला उपाशी राहण्याहून जड जाईल, हे मी जाणते.

माया असू दे, आणि पेन लपवून ठेव.

तुझी,
थेल्मा


कॉलर हार्बर
बुधवार, १५ फेब्रुवारी, दुपारी चार

ती. दादास सा. न.

सकाळी आठला समुद्र तेलासारखा शांत होता. अशा सकाळी वेंडल निघाला नसेल, असे मनाला कसे पटवू? नऊला पहिले कण पडले, आणि सव्वानऊला धक्क्याचे टोक दिसेनासे झाले. साडेनऊला बोट लागायला हवी होती. लागली नाही. तो निघालाच नाही, की निघाला आणि पोचला नाही?

तुमच्या दुकानातला टेलिफोन ख्रिसमसपासून मुका आहे. आम्ही पाळीपाळीने धक्क्यावरची घंटा वाजवतो आहोत, आवाजावर तरी तो येईल म्हणून. माझी पाळी दोनदा झाली. हाताला दोरीचे वळ उठले आहेत. लोक म्हणतात, थेल्मा, घरी जा. घरी जाऊन काय करू?

मी नियमाची आठवण करून दिली, पण तू लिहायचा थांबलास का? हे पत्र नेणारा माणूस जिवंत असेल, तरच ते तुला मिळेल.

थेल्मा


हेरिंग बेट
शुक्रवार, १७ फेब्रुवारी

चि. थेल्मा हिस अ. आ.

हे पत्र तुझ्या हातात आहे म्हणजे वेंडल तुझ्यासमोर उभा आहे. आधी त्याला खायला घाल, मग पुढचे वाच.

मंगळवारी संध्याकाळी मी बाकीची तेराही घरे फिरलो. सगळे हसले, पण कबूल झाले. हॅटी तेवढी अडली. म्हणाली, नोहा, माझ्या मुलाचं पत्र तुझ्या तारवापायी थांबायचं नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने ते पिशवीत टाकले. मी घरी येऊन खुर्चीत बसून राहिलो. पेन चुलीवरच्या फळीवर होते. तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

बुधवारी आठला खिडकीतून बघत होतो. वेंडलने पिशवी उघडली, आत हात घालून चाचपली, मग उलटी करून झटकली. मग बोटीला दुसरा दोर बांधला आणि परत फिरला. मला वाटले, हॅटीने रात्रीत पत्र काढून घेतले.

नऊला सगळे पांढरे झाले. एकोणीस इंच पडले, मी स्वतः मोजले.

संध्याकाळी मी म्हटले, बरे झाले पिशवी रिकामी निघाली. तो म्हणाला, रिकामी कुठं होती? हॅटीबाईंचं पत्र होतं. मी विचारले, मग गेला का नाहीस? तो बूट पुसायला लागला. मग म्हणाला, बाबा, आई गेली त्या दिवशीसुद्धा तुम्ही आत्याला पत्र लिहिलं होतं. वादळ वादळ तर तुम्ही रोजच म्हणता. पण तुमचं पत्र दिसेना, तेव्हा म्हटलं, हे वादळ खरंच येतंय, आणि दुसरा दोर बांधला.

हॅटीचे पत्र आज याच पिशवीतून येते आहे. वेळेवर पुढे जाईल असे बघ, तिची बोलणी मला खायची आहेत.

उद्यापासून पुन्हा रोज लिहीन. लोभ कमी होऊ देऊ नकोस. बॅरोमीटरचा काटा आत्ता जरा उतरल्यासारखा वाटतो.

तुझा,
ऑरिन