अजगराच्या खोक्यातला दिवा

१८ नोव्हेंबर १९७१, गुरुवार. राजूर
ह्यांनी आज दवाखान्यातून अजगर घरी आणला. पलीकडच्या वाडीतल्या सोमाचा भात कापताना विळा लागला त्याला. मारायचं सोडून सोमा पोत्यात घालून थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन आला. साडेचार फूट. पाठीवर सात टाके. दवाखान्यात वीज नाही, थंडी पडलीय, म्हणून आमच्या मागच्या खोलीत. चहाचं रिकामं लाकडी खोकं, तळाला वाळू, वर जाळी, आत साठचा बल्ब.
"ऊब नसली तर जखम भरायची नाही. बल्ब दिवसरात्र चालू ठेव." एवढं सांगून हे फिरतीवर गेले. मला कुणी विचारलं नाही. मीही नको म्हटलं नाही.

२४ नोव्हें.
उंदीर सोडला होता. सकाळी उंदीर जिवंत, आणि टाक्यांजवळ कुरतडलेलं. अजगर आपला बल्बपासून लांब, कोपऱ्यात तोंड खुपसून. शाळेत शिकवायला जायला उशीर झाला. मुख्याध्यापकांना कारण काय सांगणार.
यापुढे उंदीर मारून द्यायचा, असं ठरलं.

२९ नोव्हें., सोम.
आबा आले. नगरला मोतीबिंदू काढला, उजव्या डोळ्याला पट्टी. डावा आधीच गेलेला, त्यामुळे सध्या काहीच दिसत नाही. नगरच्या डॉक्टरांनी बजावलंय, वाकायचं नाही, खोकायचं नाही, दचकायचं नाही. आमच्या खोल्या दोनच. पुढच्या खोलीत वारा, चूल, येणारे-जाणारे, म्हणून त्यांची बाज मागेच टाकली.
"खोक्यात काय हाय?" आल्या आल्या त्यांनी विचारलं. बल्बची धग हाताला लागली असावी.
हे म्हणाले, "कोंबडीची पिल्लं."
सासऱ्यांशी खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली नाही. गप्प राहिले, एवढंच.

२ डिसें.
चौदा दिवस उपाशी. ह्यांच्या मते अजगर महिनोन्‌महिने राहतो. धडधाकट राहत असेल. ह्याची पाठ उतरलीय, कणा हाताला लागतो. टाक्यांखाली ओलं आहे अजून.
हे म्हणतात शंभरचा बल्ब लावू. मला नाही पटत. पण डॉक्टर ते.

४ डिसें., शनि.
लढाई सुरू झाली, रेडिओवर ऐकलं. दवंडी फिरली, अंधार पडल्यावर घराबाहेर उजेड दिसता कामा नये. मागच्या खिडकीला दार नाही, नुसते गज. बल्ब बंद करावा लागला. खोक्यात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली, वरून गोधडी. हे सारखे घड्याळ बघत होते. "सकाळपर्यंत टिकला म्हणजे मिळवली."

५ डिसें.
टिकला.
हे बाहेर गेल्यावर आबांनी मला हाक मारली.
"शालन, तुझी पिल्लं एकदाबी बोलली न्हाईत की गं."
मी चूल फुंकत राहिले.
"साप हाय न्हवं?"
सांगून टाकलं सगळं. विळा, टाके, उपास. वाटलं आता बाज पुढं न्यायला सांगतील. नाही तर त्यांच्या गावची, शेवगावची गाडी धरायला.
म्हणाले, "मला वासावरनं कळलं हुतं. पर येक सांगतो. आजवर बल्ब हुता तवर त्यो मेल्यागत पडून असायचा. काल दिवा मालवला आन् घटकाभरानं खसखस खसखस, लई फिरला. जाळीला तोंड घासत हुता. मला कुटं झोप लागतीय, आयकत हुतो."
मग म्हणाले, "तुमी त्याची रात काडून घेतली."
दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

६ डिसें.
ह्यांच्याशी वाजलं. आबांना खरं सांगितलं यावरून आधी, आणि मग बल्बवरून.
"रात्रभर पिशवीचं पाणी कोण बदलणार? ऊब नको का?"
मी म्हटलं, ऊब हवीच. पण ऊब आणि उजेड एकच का?
आतून आबा म्हणाले, "मडक्यात कोंड की त्या दिव्याला."
कुंभाराकडून मडकं आणलं. बुडाला भोक, त्यातून वायर, तोंड वाळूवर पालथं. साठ काढून चाळीसचा लावला. तासाभरानं हात लावून पाहिला, तव्यावरून काढून ठेवलेल्या भाकरीइतकं गरम. भोकाशी चिकणमाती थापली. उजेडाची तिरीपसुद्धा नाही. दिवसा गोधडी काढायची, खिडकीचा उजेड येतो तेवढा पुरे. दिवस मावळला की परत झाकायचं.
ह्यांनी मडक्याला दोनदा हात लावून पाहिला. म्हणाले, "बघू."

९ डिसें.
मडक्याला वेटोळं घालून बसतो. मडक्याला, बल्बला नव्हे. उंदीर ठेवला होता, तसाच.

११ डिसें., शनि.
उंदीर नाही! खोकं दोनदा उपसलं, वाळूसुद्धा चाळली. मधे पोट जरा फुगलेलं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हाईत हाय. पहाटं आयकलं." ह्यांनी दवाखान्याच्या वहीत नोंद केली. मडक्याचं श्रेय कुणाला दिलं, ते मी वाचलं नाही.

१३ डिसें.
आबांची पट्टी निघाली. धुरकट दिसतं, माणूस आहे एवढं कळतं, चेहरा नाही. नगरचे डॉक्टर म्हणाले, भिंगाच्या चष्म्याशिवाय सांगता येणार नाही, आणि चष्मा सव्वा महिन्यानं. डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून हिरवा पडदा दिलाय कपाळाला बांधायला.
आबा थोडंच जेवले.

१८ डिसें.
लढाई संपली. गावात दिवे उघडले. हे साठचा बल्ब हातात घेऊन मागच्या खोलीत गेले आणि तसेच परत आले. बल्ब फळीवर ठेवला.

५ जानेवारी १९७२
अजगराचे टाके काढले. जखम कोरडी. डोळे दुधाळ झाले होते, मला वाटलं यालाही मोतीबिंदू. हे हसले. कात टाकायच्या आधी होतात म्हणे. आबांनी नीट विचारून घेतलं, मग उतरतं का ते.

१६ जाने., रवि.
कात पडली. डोळे काचेसारखे. सोमा येऊन बघून गेला. हे म्हणतात, आता ठेवायचं कारण नाही, दुपारी ऊन चांगलं पडतं, येत्या रविवारी घाटात सोडू.
आबांनी जाळी काढायला लावली. कपाळावरचा पडदा वर करून खोक्यावर वाकले. आता वाकायची परवानगी आहे.
"दिसतो का?"
"काळं-पिवळं कायतरी हाय. हालतंय." बराच वेळ बघत राहिले. मग ह्यांच्यासाठी निरोप दिला, "दत्ताला सांग, माझा चस्मा येईस्तवर थांब म्हनावं. म्हैनाभर आयकलं, येकदा बघू दे."
चष्मा नगरहून यायचा. फेब्रुवारी लागेल. आला तरी त्यातून दिसेलच असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. आणि जाळीला तोंड घासायचं याचं चालूच आहे, रोज.
हे आत्ता अंगणात सायकल पुसताहेत. अजून सांगितलेलं नाही.