मोहरीच्या तुसाची हिरवी आग

बाबा, दौलतगंजातल्या आपल्या निकल-पॉलिशच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मागची नाली तेवढी अजून आहे. मी नऊ वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती, आणि तुम्ही नळांच्या तोट्या आणि सायकलींची हँडलं क्रोमच्या हौदातून काढून धूत होता. धुतलेलं पाणी नालीत जात होतं, पातळ हळदीसारखं पिवळं. मी त्यात हात घालते आणि तुम्ही मला दंडाला धरून उचलता, नळाखाली नेता, कोपरापर्यंत साबण चोळता. "त्यात हात नको घालू. चमडी खाऊन टाकतं ते." तुमच्या स्वतःच्या नखांशी तेव्हा भोकं पडलेली होती, ती कधी भरत नसत. मी विचारलं, मग हे पाणी जातं कुठे? तुम्ही पुन्हा साबण लावलात आणि म्हणालात, "पुढे." लोकांना मी सांगते की तुमच्या फुप्फुसांमुळे मी सांडपाणी साफ करण्याचा हा विषय शिकायला घेतला. खरं तर त्या 'पुढे'मुळे घेतला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही तुम्ही आईला म्हणालात, थंडीची खांसी आहे, उन्हाळ्यात जाईल. उन्हाळ्याआधी तुम्हीच गेलात.

शहराबाहेर मुलाम्याचा एक कारखाना आहे, तिथलं पाणी आता मी साफ करते. मोहरीचं तूस आपल्याकडे हवं तेवढं मिळतं. ते वाफवून मी त्यावर बुरशी वाढवली. थोड्याच दिवसांत पांढऱ्या तंतूंनी सगळं तूस बांधलं जातं. अशा तुसाने भरलेल्या पिंपांत वरून पिवळं-हिरवं पाणी शिरतं आणि खालून नितळ निघतं. मालक ते काचेच्या ग्लासात घेऊन पाहुण्यांना दाखवायला लागला. कामगार बुरशीला हात लावायला घाबरत होते, तेव्हा मी त्यांना गोळा करून सांगितलं की ही कुदरती चीज आहे, डरायचं कारण नाही. पाण्यातला धातू नाहीसा होत नाही, तो तुसात जाऊन बसतो, हे मी अहवालात लिहिलं होतं. वापरलेलं तूस बंद पोत्यांत ठेवायचं आणि विषारी कचऱ्याच्या गाडीने पाठवायचं, हेही लिहिलं होतं. गाडी येईना. भिंतीशी पोत्यांची थप्पी वाढत गेली, आणि मग एके दिवशी मला ती कमी वाटली.

पोती भरणारी बाई मागच्या वस्तीत राहते. दुपारी मी तिच्या घरी गेले. चूल पेटलेली आहे आणि ज्वाळा हिरव्या आहेत, तांबं आगीत गेलं की होतात तशा. तिची सासू चुलीशेजारी शेकत बसली आहे, खोकते आहे. बाई कौतुकाने म्हणाली, "लकड़ी से अच्छा जलता है, मैडम. आपने ही तो कहा था, कुदरती चीज़ है." शेजारच्या चार घरांतही तिने पोती दिली होती. राखेने ती भांडी घासत होती, उरलेली राख भिंतीकडेच्या मेथीच्या वाफ्यात टाकत होती. धातू जळत नाही, बाबा. राखेत तो आणखी दाट होतो. मी तिथेच सगळं सांगायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात तपासणीची माणसं पिंपं बघायला येणार होती, आणखी तीन कारखाने त्यांच्या शेऱ्याची वाट बघत होते, आणि वस्तीत बोभाटा झाला असता तर सगळं बंद पडलं असतं. मी एवढंच म्हणाले की हे जाळू नका, याचा धूर वाईट. ती हसली. धूर तर सगळाच वाईट असतो, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून मी पोती कुलपात घालायला लावली. तिचं घर आणि शेजारची चारही घरं फिरून उरलेलं तूस परत आणलं. एका घरात नुसतं रिकामं पोतं होतं, दारात पाय पुसायला टाकलेलं. तपासणी झाली, पाणी उत्तम ठरलं, त्या तीन कारखान्यांनीही पिंपं मागवली. मेथीची एक जुडी मी तपासायला नेली होती. तिच्यात जे निघालं ते माझ्याच अक्षरात, टेबलाच्या खणात पडून आहे. वाफ्यात पुन्हा मेथी आली आहे. सासू आता खाटेवरून उठत नाही, असं बाई परवा पोती शिवता शिवता म्हणाली, आणि मी पिंपाच्या तोटीकडे बघत राहिले.

हे पत्र घडी घालून त्याच खणात ठेवीन. तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही, आणि तिला मराठी येत नाही याचं मला बरंच वाटतं. एक गोष्ट मात्र वर लिहायची मी टाळली. त्या दुपारी त्या आगीवर फुगलेली पहिली रोटी तिने तूप लावून माझ्यापुढे धरली होती. मी म्हटलं, आज माझा उपास आहे. नव्हता. ती रोटी तिने सासूच्या हातात दिली, आणि म्हातारीची खाऊन होईपर्यंत मी तिथेच बसून होते.