बोळापलीकडची चूल

सोलापूर,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. गोजरमावशीस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर ओरडून माझा घसा बसतो, शेजारपाजारचे दारात येतात, आणि तुला तरी एक अक्षर ऐकू येत नाही. तुझ्या कानांपायी मी पुन्हा कागद-पेन घेऊन बसले आहे.

इकडे सगळे बरे. मालदांडी ज्वारी यंदा छान आली. नऊजणी रोज भाजायला येतात, केराबाईचा गुडघा कुरकुरतो पण हात थांबत नाही. आता खरं सांगते. एमआयडीसीत एका कंपनीने कडक भाकरीचं यंत्र बसवलंय. दहा भाकरींचं पाकीट आपल्यापेक्षा आठ रुपयांनी स्वस्त. दुकानदार म्हणाला, समोरची अक्कम्माही उतरली, तुम्ही उतरा नाहीतर माल ठेवत नाही. मी पाच रुपये उतरवले. चार दिवसांनी म्हणाला, अक्कम्मा आणखी उतरली. मीही उतरले. आता ज्वारी, सरपण आणि बायकांची मजुरी वजा जाता हातात काही उरत नाही.

अक्कम्मा हल्ली माझ्याकडे बघतही नाही. मला तर वाटतं ती मैदा मिसळते, नाहीतर तिला परवडतं कसं? मावशी, मला फार भीती वाटते. सहा वर्षांपूर्वी तू पीठ मळायची काटवट माझ्या हाती दिलीस, आणि तुझ्या नावाची भाकरी माझ्याच हातून बंद पडणार असं दिसतंय.

तुझी,
वैष्णवी


करमाळा,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर अजून मुंगीच्या पायांचेच आहे. शाळेत मार खाऊनही सुधारले नाहीस.

अगं, अक्कम्मा मैदा मिसळेल? एक वेळ तू मिसळशील. दुकानदाराची ही जुनी खोड आहे. आम्ही बोळात पाचजणी होतो तेव्हाही तो एकीला म्हणायचा, दुसरी उतरली. मग दुसरीकडे जाऊन तेच सांगायचा. तीनजणींच्या चुली अशाच विझल्या. आम्ही दोघी टिकलो, कारण असं काही कानावर आलं की मी बोळ ओलांडून तिला विचारत असे, ती मला. तिचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस तिची चूल बंद होती. तिची मागणी मी भाजली आणि तिच्याच पाकिटांत घालून दिली. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने तेच केलं. गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही.

यंत्राशी दरात शर्यत लावू नकोस. त्याला ना पोट, ना गुडघे. ते गोल आणि पुष्कळ भाकरी करतं, तुझ्यासारखी पातळ करत नाही आणि अक्कम्मासारखे तीळही लावत नाही. तेवढंच धरून ठेव. पण आधी समोर जा आणि विचार. दहा पावलं आहेत.

तुझी मावशी,
गोजरबाई


सोलापूर,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस शि. सा. न.

दहा पावलं म्हणतेस, पण माझा पाय उचलला नाही. काल तुझं पत्र मिळालं, जायला निघाले, बघते तो कंपनीची जीप अक्कम्माच्या दारात उभी होती, तासभर. मग तेच दोघे माझ्याकडे आले. गोड बोलत होते. म्हणाले, पाच वर्षं तुमच्या चुलीवरची सगळी भाकरी आम्हालाच द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. दर आम्ही ठरवू, पाकीट आमचं. मी विचारलं, आणि मावशीचं नाव? ते म्हणाले, नाव तुमच्यापाशीच ठेवा, आम्हाला त्याचं काय करायचंय. जाताना सांगून गेले की समोरच्या बाईंनी सही केली. तुम्ही राहिलात तर यंत्रही तुमच्याविरुद्ध आणि त्याही.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दर त्यांच्या हाती द्यायचा म्हणजे आपल्या गळ्यात दावं. पण एकटी राहिले तर नऊ बायकांना महिनाभरही काम पुरणार नाही. सोमवारी, १७ तारखेला, ते परत येणार. मी सही करीन असं वाटतं. रागावू नकोस.

वैष्णवी


सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी

गोजराक्कास अक्कम्माचा नमस्कार. (नात लिहिते आहे, आजी सांगेल तसं.)

अक्का, लई भ्या वाटाय लागलंय. तुजी वैष्णवी दर उतरवाय लागली की. दुकानदार म्हनला, तिनं पाच उतरवले. मग मी काय करू? मी बी उतरवले. जीपवाले आले हुते, म्हनले समोरच्या बाईनं सही केली, आता तुमीच राहिलाव. मला इचारायला जावं वाटतंय, पन पोरगी माज्याकडं बघत न्हाय. मी म्हातारी, तिच्या दारात जाऊन उभी राहू व्हय? तू असतीस तर गेले असते. उद्या परत येनार हायेत. काय करू सांग.

अक्कम्मा


करमाळा,
दि. १५ फेब्रुवारी २०२५

वैष्णवी,

आशीर्वाद मागाहून. अक्कम्माचं पत्र आज टपालाने आलं, ते यासोबत घातलं आहे. तुझी दोन्ही पत्रं तिच्यासाठी घातली आहेत. मैद्याचं लिहिलेलं आहे तेही पाठवते, वाचू दे तिला. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून उद्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट देते. मिळताक्षणी चपला घालून समोर जा. सही करू नकोस. मला धडकी भरली आहे गं.

मावशी


सोलापूर,
दि. २४ मार्च २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मागे नुसतं "मिळालं, सही केली नाही" एवढंच कार्ड टाकलं. बाकीचं लिहायला धीर होत नव्हता.

पाकीट मिळालं त्याच दुपारी मी समोर गेले. अक्कम्मा चुलीपुढे बसली होती. तिचं पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं आणि माझी दोन्ही तिच्या नातीच्या हातात दिली. पोरीने मोठ्याने वाचली, मैद्याचंही. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अक्कम्मा रागावली नाही. म्हणाली, तेरा तारखेलाच अंगठा दिला गं पोरी. तू सही केलीस म्हनले, म्हनून मी केली. मावशी, तुझं आठ तारखेचं पत्र मला अकराला मिळालं होतं. त्या दिवशी मी दहा पावलं चालले असते तर तिचा अंगठा वाचला असता. हे मला झोपू देत नाही.

महिना झाला नाही तोवर त्यांनी तिचा दर उतरवला. एका मापाची नाही म्हणून टोपल्याच्या टोपल्या परत करतात. ती कुठे जाणार, दुसरं गिऱ्हाईक घ्यायची मुभाच नाही. तिच्याकडच्या सातांपैकी चार बायका घरी बसल्या. तिच्या नावाची छापील पाकिटं ती चुलीत घालायला निघाली होती, ती मी हातातून ओढून घेतली.

तू तेरा दिवसांचं लिहिलं होतंस ते डोक्यात होतं. नातीकडून कंपनीच्या कराराचा कागद दोनदा वाचून घेतला. त्यात तिच्या चुलीचं लिहिलंय, नावाचं अक्षर नाही. नाव त्यांना नकोच होतं. म्हणून त्या घरी बसलेल्यांपैकी महादेवीला आणि आणखी एकीला मी बोलावलं. त्या तिळाची भाकरी माझ्या चुलीवर भाजतात आणि ती अक्कम्माच्या पाकिटांत भरतो. पैसे तिच्या नातीच्या हाती देते. दुकानदारांना सांगितलं, दर आता उतरणार नाही, घ्यायचं तर घ्या. दोघांनी सोडलं, एस.टी. स्टँडजवळच्या एकाने घेतलं.

परवा जीपवाला दारात आला. म्हणाला, ती बाई आमच्याशी बांधलेली आहे, वकील आणतो. मी म्हटलं, अंगठा तिचा आहे, चूल माझी आहे. तो गेला, पण परत येईल. जीपचा आवाज आला की अजून दारात येऊन बघते. हे किती दिवस चालेल ते मला माहीत नाही.

काल दुपारी अक्कम्मा बोळ ओलांडून आली. महिन्यात पहिल्यांदा. फळीवरचं आपल्या नावाचं पाकीट उचललं, फोडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिली. मला वाटलं रडणार. मग म्हणाली, तीळ कमी पडल्यात, सरक तिकडं, आणि काटवटीपुढे बसली.

तुझी माया आहे तशीच राहू दे, आणि कान एकदा दाखवून घे.

तुझी,
वैष्णवी