पांढऱ्या लेबलाची तबकडी

आबा, आज घोरावाडीला उगाच उतरले. तिकीट लोणावळ्याचं होतं, पण माझं बूड एका जागी टिकत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेशनबाहेर भंगारवाल्यानं पोत्यावर ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या मांडलेल्या, आणि हात आपोआप मधल्या लेबलाकडं गेला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी तुमच्यासारखाच अंगठा ओला करून लेबलावरची धूळ पुसते.

कुसगावचं आपलं जुन्या सामानाचं दुकान. बंगला रिकामा झाला की मुंबईवाल्यांचं सामान आपल्याकडं यायचं. त्यात अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या तबकड्या, सोल म्हणतात ती गाणी. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, रंग मात्र पाठ. "ही पिवळी पयल्या छपाईची. मागनं कंपनीनं लेबल निळं केलं. गाणं तेच, पर अस्सल न्हाई." मी विचारायचे, "आणि ही फिकी?" "उन्हानं उडालीया. भोकापाशी बघ, तितं रंग ऱ्हातो." पिवळ्या शौकीन लोक शोधत यायचे. निळ्यांची मी घड्याळं करायचे. ड्रिलनं भोक मोठं करायचं, काटे बसवायचे, लेबलभोवती आकडे. पर्यटक चिक्कीबरोबर तीही न्यायचे. कॉलेज बुडवून मी हेच करत बसायचे. पण ते राहू दे, मला दुसरंच सांगायचंय.

तुम्ही लोणावळ्याला गेला होता. घरात झाडताना कपाटामागं एक तबकडी सापडली, लेबल पांढरंफटक. भोकापाशी पाहिलं, तिथंही पांढरंच. म्हणजे रंग उडालेला नाही, मुळातच नाही. म्हणजे टाकाऊ. केवढी अक्कल आलेली मला! वरचं नाव वाचायचंही सुचलं नाही. तुम्ही आलात तेव्हा ती दुकानाच्या भिंतीवर टिकटिकत होती.

"ही कुटं गावली गं?"

"कपाटामागं. पांढरी होती, बिनकामाची."

तुम्ही स्टुलावर बसलात. "पांढरी समद्यात आधीची असती, पोरी. इकायच्या आधी रेडिओवाल्यांस्नी वाजवायला देत्यात. रंगाचं लेबल मागनं येतं." मग घड्याळाकडं बघत म्हणालात, "ही तुझ्या आयची. एका बंगल्यातल्या बाईंनी तिला दिलेली. तुला मांडीवर घेऊन हीच लावायची. ती गेल्यापास्नं मी लावली न्हाई."

मी रडायला लागले, तर तुम्ही उठून काटा सरकवलात. "धा मिनटं मागं हाय," एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी नेमकं तेच घड्याळ मागितलं आणि तुम्हीच खिळ्यावरून काढून दिलंत.

आज त्या पोत्यावर एक पांढरी होती. घेतली. आता खोलीवर आणून प्लेअरवर ठेवलीय, पण सुई टेकवत नाही. हे आईचं गाणं आहे की नाही, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. मी तिच्या मांडीवर होते म्हणता, पण आबा, मला त्यातला एक सूरही आठवत नाही. रंग तेवढा ओळखता येतो.