राणी काही हसेना

१४ ऑगस्ट, सकाळ
ठरलं! सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरकाका यांनी शब्द दिला. कोजागिरीला गच्चीवर पडदा लागणार आणि मसाला दुधाच्या आधी माझी फिल्म दाखवणार. आख्ख्या डोंबिवलीत हातानं एकेक चित्र काढून फिल्म करणारा मी एकटा. इतिहास घडतोय, लिफ्ट बंद असली तरी.
सीन साधा: रुसलेली राणी खुदकन हसते. एक मिनिट. किरकोळ काम.
बायकोची, सुमेधाची, अट: कोजागिरीला राणी हसली नाही, तर तिच्या भावाच्या क्लासमध्ये नोकरी धरायची. सात वर्षं एकटी घर चालवतेय, आता थकले म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. प्रश्नच येत नाही.

२० ऑगस्ट
एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. आज राणीची नथ काढली. फक्त नथ. नथीला घाई करून चालत नाही.

२५ ऑगस्ट
हसू काढायला रेफरन्स हवा. सुमेधा बँकेतून आल्या आल्या तिला खुर्चीत बसवलं, हस म्हटलं. हसली. दात दिसले, हसू नाही. अगं, मनापासून हस, म्हटलं. तर म्हणे, कुकर लावू की हसू? कलावंताच्या बायकोला एवढंही जमू नये, कमाल आहे!

२८ ऑगस्ट
कल्याणला सासरी गणपती. अशा दिवसांत काम करणं म्हणजे बाप्पाचा अपमान. तिथे केदार भेटला, सुमेधाचा भाऊ. म्हणतो, जिजू, नववीच्या पोरांसाठी पचनसंस्था हलती करून द्या ना, नौपाड्यात एसी ऑफिस आहे. मी जठर हलवू? मी?? मोदक ताटात तसाच टाकून उठलो. नंतर येऊन खाल्ला.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. या दिवसांत शुभकार्याला हात लावत नाहीत. म्हणजे राणीचं हसू आता घटस्थापनेनंतरच. मला आरामाची अजिबात हौस नाही, पण शास्त्रापुढे काय बोलणार.

२३ सप्टेंबर, दुपार
हसू सोडून सगळं तयार आहे. नथ, महाल, मोर. मोर सीनमध्ये नाहीये, पण फार देखणा झालाय. काल सुमेधाला एक विनोद सांगितला. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, संपला का? या घरात हसण्याचं वातावरणच नाही, तर राणी बिचारी काय करणार!

५ ऑक्टोबर
सुचलं! राणी हसणारच नाही. मिनिटभर तशीच बसून राहील आणि अगदी शेवटी एकदा पापणी लववेल. हसू प्रेक्षकांच्या मनात. थोर लोक असंच करतात. तसेही कागद संपलेत.

७ ऑक्टोबर, सकाळ
काल राणी पडद्यावर आली. गच्ची एकदम चिडीचूप. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात मागून आसावरीकाकू ओरडल्या, अरे हँग झालं वाटतं, बघा कुणीतरी! प्रभाकरकाकांनी धावत जाऊन लॅपटॉपच बंद केला. पापणी लवणार होती, तेवढ्यात. मग हाउजी सुरू झाली.
घरी येऊन सगळ्यांचा उद्धार केला. अडाणी आहेत, मेले. मोर फाडला. सुमेधा खुर्चीत बसून ऐकत होती. शेवटी माझाच दम संपला. म्हटलं, सांग केदारला, सोमवारपासून येतो. हलवतो जठर.
आणि ती हसली. आधी ओठ मुडपून, मग खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढ्या वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं. पण हेच, अगदी हेच हसू मला हवं होतं!
पेन्सिल शोधायला धावलो. सापडली तोवर ती केदारला फोन लावत होती.