आठ पिनांचा चार्जर आणि आईचे कान

तीर्थस्वरूप दाजींना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डाव्या अंगठ्याला चटका बसला आहे, त्यामुळे तो जरा बाहेर राहिला, राग नसावा). आपली कंबर कशी आहे? ताई सांगते तसा शेक घेता, की नुसतं 'घेतला' म्हणता? आमच्याकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक कुणीच नाही.

बरोबर अकरा दिवसांपूर्वी, सकाळी पावणेआठला, मी ओट्याशी उभं राहून एक बारीकशी कळ नऊवरून बारावर सरकवली. चोरी केली नाही, कुणावर हात उगारला नाही, नुसतं एक बोट हलवलं. तेवढ्यात माणसाच्या हातून किती पाप घडू शकतं, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे आणि तो संपत नाही.

झालं असं, की आमच्या कपाटाच्या खालच्या खणात चार्जरांचा गुंता साठला होता. एक ओढावा तर पाच बाहेर येत, आणि हवा तो आतच राहत असे. "हे वारूळ आवरा, नाहीतर मी आवरते," असं आमच्या सौ. रोज म्हणत (त्या आवरतात म्हणजे वस्तू पुन्हा दिसत नाही). मी विचार केला, ग्रंथालयात बाइंडर म्हणून सव्वीस वर्षं झाली, एकाच दाभणाने पातळ पुस्तकंही शिवली आणि उशीएवढी जाड पुस्तकंही. देव तरी सगळ्यांना मिळून एकच आहे. मग चार्जर घरटी दहा कशाला? (माझे विचार असे मोठ्या गोष्टींवरून लहान गोष्टींवर घसरतात, आणि घसरताना कुणाला तरी लागतं.) तर मी फुटपाथवरून एक चार्जर आणला. त्याला बदलता येणाऱ्या आठ पिना, आणि कुशीत एक सरकती कळ, तिच्यावर तीनपासून बारापर्यंत आकडे. त्याच दिवशी जुने सगळे चार्जर भंगारवाल्याला देऊन टाकले. संन्यास घेतल्यासारखं हलकं वाटलं.

आकडे पाहून मला पंख्याचा रेग्युलेटर आठवला. जितका मोठा आकडा, तितकं भराभर भरणार. पहिल्यांदा टॉर्च लावला, नऊवर. दाजी, तो असा उजळला की मला क्षणभर साक्षात्कारच वाटला. मग जो विझला तो विझलाच. म्हटलं, जुना होता, त्याचे दिवस भरले असतील. शहाणा माणूस इथेच थांबला असता.

आईची कानातली यंत्रं तुम्हीच हौसेने आणलीत. ती रात्री डबीत ठेवायची आणि डबी चार्जरला लावायची, हे काम माझ्याकडे. त्या रात्री मी विसरलो. रोज कामाला जाण्यापूर्वी मी तिला पोथीचं एक पान वाचून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते, जो मला दिवसभर पुरतो. त्या सकाळी उशीर झालेला, आई पाटावर येऊन बसलेली, यंत्रं रिकामी. आठांतली एक पिन डबीत अशी चपखल बसली की जणू तिच्यासाठीच घडवलेली. लवकर भरावं म्हणून कळ बारावर नेली. आधी वास आला, मग टक् झालं, आणि ओढून काढायला गेलो तेव्हा अंगठा.

डबी घेऊन तळमजल्यावर फ्यूजमामाकडे गेलो (आमच्या इमारतीची लिफ्ट आणि दिवे तो बघतो). त्याने डबी उलटी केली आणि मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं: पाच व्होल्ट. "वाचता येतं ना तुम्हाला?" म्हणाला. सव्वीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला, दाजी! मग त्याने समजावलं. वस्तूच्या पाठीवर जितके व्होल्ट लिहिलेत तितकेच द्यायचे, एकही जास्त नाही. अँपिअर मात्र चार्जरचे जास्त असले तरी चालतात, वस्तू आपल्या भुकेपुरतेच घेते. कमी नसावेत. आणि अधिक-उणे जुळलं पाहिजे, ते चित्र दोन्हीकडे काढलेलं असतं. एवढं पाहिलं तर एका चार्जरवर चार वस्तू सुखाने राहतात. मी म्हटलं, पण पिन बसली होती. "माझ्या चपलेत तुमचा पाय बसेल," तो म्हणाला, "म्हणून काय ती तुमची झाली?"

यंत्रं वाचली आहेत असं त्याला वाटतं, पण डबीशिवाय ती भरणार कशी? मी वर आलो तोवर आईने ती कानात घालून पाहिली होती. थोडा वेळ वाट पाहून ती हळूच म्हणाली, "झालं. देवाने दार लावून घेतलं." तिला वाटलं, कानच गेले. आणि दाजी, मी गप्प बसलो.

तेव्हापासून ती तसबिरीसमोर बसून देवाशी भांडते. सकाळचं एक पान तर मागत होते, तेवढंही डोळ्यांत आलं का तुझ्या? तो ऐकून घेतो, काही बोलत नाही. मीही बोलत नाही. दोघांतला निर्दोष कोण, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही.

सांगायचं तर कसं? लिहून द्यावं तर तिला अक्षरओळख नाही. कानाशी ओरडावं तर सव्वीस वर्षं 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून माझा आवाज कुजबुजीएवढाच उरला आहे. डबी जाळली हे तिला ऐकवायला त्याच डबीत भरलेली यंत्रं हवीत, असा हा पेच. सौ.ना विनवलं, तर म्हणाल्या, "जाळलंत तुम्ही, सांगायचंही तुम्हीच." तेव्हा रविवारी आपण यावं. आपला आवाज भरदार आहे आणि जावयावर ती रागावत नाही.

आपला, पाठीवरची अक्षरं न वाचणारा,
मेहुणा

ता. क. फोन का केला नाही, असं विचाराल. टॉर्चनंतर आणि आईच्या डबीआधी माझा फोन गेला, हे वर लिहायचं मी टाळलं. शहाणा माणूस दोनदा थांबला असता. सौ. त्यांच्या फोनला मला हात लावू देत नाहीत. तर मुख्य विनंती अशी, की येताना त्याच दुकानातून तशीच डबी, तिच्या स्वतःच्या चार्जरसकट आणावी. ताईला सांगू नये.

ता. क. दुसरा. पाकीट उघडून लिहितो आहे. डबी आणा, पण सांगायला येऊ नका. आज सकाळी मी सांगितलं. खिडक्या लावल्या, दार लावायचं राहिलं. आईच्या कानाशी जाऊन ओरडलो, "कान गेले नाहीत, डबी मी जाळली!" ती नुसती बघत राहिली. पुन्हा ओरडलो. वरच्या मजल्यावरची दारं उघडली. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा खालून फ्यूजमामा म्हणाला, "आम्हाला कळलं, आता त्यांना कळू द्या!" शेवटी जळकी डबी तिच्या हातात ठेवली, चार्जर आणून कळ तिच्यासमोर नऊवरून बारावर सरकवली आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं. आईने डबीचा वास घेतला. "म्हणजे माझे कान शाबूत आहेत?" मी मान हलवली. "आणि अकरा दिवस मी ह्याला बोल लावतेय?" असं म्हणून तिने तसबिरीकडे पाहिलं, मग पन्नाशीला टेकलेल्या मला मानगुटीला धरून तिकडे वळवलं. "माग त्याची माफी. आणि पुटपुटू नकोस मेल्या, मला ऐकू आली पाहिजे."

दाजी, मागितली. चौथ्या वेळी तिला ऐकू आली.