एक दिवस कमी करून मिळावा

१२ जानेवारी
सहा महिने तुरुंग! माझ्या वकीलबाई माझा हात हलवून हलवून अभिनंदन करत होत्या. सरकारी वकिलाने वर्ष मागितलं होतं म्हणे. दारू पिऊन बर्फ काढायचा ट्रक पळवला, आणि ठोकला कशाला, तर उभ्या पोलिसगाडीला! त्या मानाने स्वस्तात सुटलो. जेवायला उकडलेला बटाटा. मिठाचा पत्ता नाही.

१९ जानेवारी
आई भेटायला आली. काचेपलीकडून, फोनवर. आधी दाढीवरून झापलं, मग ट्रकवरून.

२७ जानेवारी
वकीलबाई धावत आल्या. चेहरा उतरलेला. "डेलियो, तू कॅनडाचा नागरिक नाहीस?"
नाही. दोन वर्षांचा असताना अझोर्स बेटांवरून आलो, कागद पोर्तुगालचेच राहिले. बाईंनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता कळतंय — नागरिक नसलेल्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली की देशाबाहेर काढतात, आणि त्यावर दादही मागता येत नाही. शिक्षा एक दिवसाने जरी कमी असती, तर मागता आली असती.
एक दिवस! पोर्तुगीजमध्ये मला फक्त शिव्या आणि माशांची नावं येतात. बेटावर जाऊन करू काय, डोंबल?

२८ जानेवारी
शिक्षा एक दिवसाने कमी करा, म्हणून वरच्या कोर्टात अपील टाकलं. माझ्या कोठडीतला वेंडेल पोट धरून हसला. लोक वर्षं कमी करून मागतात, हा बाबा एक दिवस मागतोय! जेवणाच्या वेळेपर्यंत सगळा तुरुंग मला 'एकदिवस' म्हणू लागला.

६ फेब्रुवारी
आईला विचारलं, इतक्या वर्षांत नागरिकत्व का नाही घेतलंस? तर म्हणे, "पुढच्या उन्हाळ्यात परत जायचं होतं ना."
जन्मभर हेच ऐकतोय! बाबांनी बेटावर घर बांधलं, कुलूप लावलं, आणि इथे हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात राबून राबून गेले. किल्ली आईच्या स्वयंपाकघरात, सांतो क्रिस्तोच्या, म्हणजे येशूच्या, तसबिरीखाली खिळ्याला. आमच्या गल्लीत सगळे बेटांवरचेच; घरोघरी अशी एक किल्ली लटकते, आणि प्रत्येकाचा पुढचा उन्हाळा ठरलेला असतो.
मी फोन आपटला. पहारेकऱ्याने दम भरला. कोठडीत येऊन रडलो, खोटं कशाला बोलू? मला हाकललं तर ती एकटी पडेल. गुडघे गेलेत तिचे. दारातला बर्फ कोण काढणार?

२ मार्च
काही नाही. वेंडेलने माझी जेली खाल्ली.

९ एप्रिल
वरचं कोर्ट. तीन न्यायाधीश. वकीलबाईंनी स्वतःची चूक भर कोर्टात कबूल केली — मानलं बाईला. सरकारी वकील म्हणाला, आमची हरकत नाही. कॉफी गार व्हायच्या आत निकाल. एक दिवस कमी!
आता हकालपट्टीविरुद्ध दाद मागता येईल. बाई म्हणतात, राहशील तू इथेच. मी नाचलोच असतो, पण हातात बेड्या. आई मागच्या बाकावर जपमाळ धरून नुसती बसून राहिली. आनंदाने काही सुचलं नसेल बिचारीला.

१३ एप्रिल
आई आली. मला पाठवणारच असं धरून तिने स्वतःचंही विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं. बेटावरच्या घराला रंग द्यायलाही सांगितला होता. मी म्हटलं, रद्द कर, आता कशाला?
"नाही रे. तू राहा. मी जाते. इतकी वर्षं तुझ्यासाठीच थांबले होते."
किल्ली तिने काढून घेतली आहे. खिळा तेवढा तुझ्यासाठी ठेवलाय, म्हणाली.